पाटी गेली तरी चालेल, फूटपट्टी हवी

तुमच्या पत्रातली आणि फोटोतली हकीकत आधी दोन ओळींत मांडतो. बडोद्याच्या रावपुऱ्यातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला आणि माळा रिकामा करताना मालकांनी तुम्हाला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र, साडेतीन हजारांना दिला. लाकडी फळी, उभा गोल खांब, वर राखाडी डोकं, त्याखाली काळा भाता. कंपनीची पाटी गेलेली, रिव्हेटची दोन भोकं तेवढी शिल्लक. बिस्किटांच्या डब्यात दोन लेन्स: एक ईएल-निक्कॉर ५० मिलिमीटर, एफ २.८, दुसरीवरची अक्षरं घासून गेलेली. निगेटिव्ह धरून ठेवणारी चौकट, म्हणजे कॅरिअर, हरवलेला. होल्डर पिनचा आणि त्यात साध्या पारदर्शक काचेचा शंभरचा बल्ब. तुमचे मुख्य प्रश्न तीन: यंत्र कुणाचं, त्यात कुठली फिल्म चालेल, आणि बाथरूममध्ये ते बसवायचं कसं.

पहिल्या प्रश्नाला मी जरा बगल देणार आहे. दांडिया बाजारात मी तीस-बत्तीस वर्षं डार्करूम चालवली. दुरुस्तीला आलेल्या एन्लार्जरांपैकी कितीतरी दोन-तीन यंत्रांचे अवयव जोडून झालेले असायचे. खांब एकाचा, डोकं दुसऱ्याचं, लेन्सची प्लेट लेथवर कातून घेतलेली, होल्डर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला. तुमचा पिनचा होल्डर तसाच मागाहून बसवलेला असावा असा मला संशय आहे, कारण युरोपातून आलेल्या डोक्यांत बहुधा आट्यांचा होल्डर असतो. बडोद्यात अशी सरमिसळ होणं स्वाभाविकच. १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले आणि पुढे गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. १९५० पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे, तिथल्या ज्योती भट्टांनी खेड्यापाड्यांतल्या भिंती, रांगोळ्या, गोंदण कॅमेऱ्यात धरलं. इतकी वर्षं जिथे फोटो छापले गेले, त्या गावात देशोदेशीची यंत्रं येणार, मोडणार आणि एकमेकांच्या अंगावर बसणार.

तरी उत्सुकता असतेच, म्हणून ओळखीच्या काही खुणा. लाइट्झचा फोकोमॅट असेल तर डोकं वरखाली करताना फोकस आपोआप जुळत येतो, आणि कंडेन्सर, म्हणजे उजेड एकवटणारं भिंग, थेट निगेटिव्हच्या पाठीवर टेकतो. इटलीच्या ड्युर्स्टचे आकडे बोलके असतात: ३०५ म्हणजे पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचा, ६०५ म्हणजे सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकटीपर्यंतचा. चेकोस्लोव्हाकियाच्या मिओप्टाचा अॅक्सोमॅट पस्तीसचा, ओपेमस सहा बाय सहाचा, मॅग्निफॅक्स सहा बाय नऊचा. आख्खा एन्लार्जर सूटकेसमध्ये मावत असेल तर तो बहुधा रशियन यूपीए. कुठे बारीक अक्षरात देशाचं नाव सापडलं तर वयाचाही अंदाज येतो. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९९० किंवा त्याआधीचा, ‘यूएसएसआर’ असेल तर १९९१ च्या अखेरच्या आतला, ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९९२ च्या. तुमचा गोल खांब आणि राखाडी रंग पाहून मी यातलं कुठलंही नाव घेणार नाही. नाव कळून काम चालत नाही. मापं कळली की चालतं.

तेव्हा फूटपट्टी घ्या. डोक्याचं झाकण उघडा, बल्ब काढा. आत काचेची दोन जाड भिंगं दिसतील, तेच कंडेन्सर. त्यांचा व्यास मोजा. कंडेन्सर निगेटिव्हच्या कर्णापेक्षा मोठा असावा लागतो, एवढा एकच नियम. पस्तीसच्या चौकटीचा, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरचा, कर्ण ४३ भरतो. सहा बाय सहाची खरी चौकट ५६ बाय ५६ असते, तिचा ७९. सहा बाय नऊचा सुमारे १०१. तुमचं भिंग ५५-६० भरलं तर यंत्र पस्तीसचं. ८० च्या वर गेलं तर सहा बाय सहाची रुंद, १२० ची फिल्मही चालेल. भिंगांऐवजी दुधी प्लॅस्टिकची पाटी असेल तर ते डिफ्यूजर डोकं. पिवळा, मॅजेंटा, सायन अशा तीन चकत्या बाहेरून फिरत असतील तर रंगीत डोकं. त्यातला हॅलोजन बल्ब बहुधा बारा व्होल्टचा असतो आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर निम्म्या वेळा हरवलेला असतो. तुमच्या फोटोत तसं काही दिसत नाही.

कंडेन्सर पुसायला बाहेर काढाल तेव्हा कोण वर होतं, कुठली बाजू खाली होती, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बहुतेक डोक्यांत दोन्ही भिंगांचे फुगीर भाग समोरासमोर आणि सपाट बाजू बाहेर असतात. माझ्या पहिल्या एन्लार्जरमध्ये मी एक भिंग उलटं बसवलं. प्रिंटच्या मधोमध काळवंडलेला डाग, कोपरे फिके. पंधरा दिवस मी बल्ब बदलत बसलो, चार बल्ब घेतले, शेवटी वडिलांनी झाकण उघडून नुसतं बोट दाखवलं. पुसताना साबणाचं कोमट पाणी आणि जुना मऊ सुती कपडा पुरतो. धूळ मात्र मनापासून काढा, कारण कंडेन्सरचा उजेड तिखट असतो. निगेटिव्हवरचा प्रत्येक ओरखडा आणि केस तो ठळक करून छापतो. त्याच निगेटिव्हचा काँट्रास्टही डिफ्यूजरपेक्षा साधारण एका ग्रेडने, म्हणजे कागदाच्या काँट्रास्टच्या एका पायरीने, जास्त येतो. १९०९ साली आंद्रे कॅलिए यांनी हा फरक मांडला, म्हणून त्याला कॅलिए परिणाम म्हणतात. कंडेन्सर चांगला की डिफ्यूजर, यावर डार्करूमवाले चहाचे कपच्या कप रिकामे करतात. मला कंडेन्सर आवडतो, पण तो आळशी माणसाचं यंत्र नव्हे.

आता लेन्स. ५० ची ईएल-निक्कॉर एफ २.८ ही सहा काचांची, उत्तम लेन्स आहे. ती बुरशीविना निघाली तर साडेतीन हजार तिथेच वसूल झाले. ती टॉर्चसमोर तिरपी धरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेषा म्हणजे बुरशी. पावसाळ्यात बंद डब्यात राहिलेल्या लेन्सला ती लागतेच. कडेला एखाददोन तंतू असतील तर प्रिंटवर काही दिसणार नाही. सगळीकडे दुधाळ धुकं असेल तर प्रिंटचे पांढरे भाग राखाडी येतील. डायफ्रामची, म्हणजे एफच्या आकड्याप्रमाणे लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणारी, पाती पूर्ण फिरवून बघा, त्यांवर तेलाची चकाकी नको.

अक्षरं घासलेली दुसरी लेन्स ओळखायला एक खिडकी आणि एक भिंत पुरते. दुपारी खोलीतले दिवे बंद करा, उजळ खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवा आणि लेन्स कागदासमोर धरून पुढेमागे करा. खिडकीबाहेरचं लांबचं झाड किंवा पाण्याची टाकी कागदावर उलटी, रेखीव उमटेल तिथे थांबा. लेन्सच्या मधल्या भागापासून कागदापर्यंतचं अंतर म्हणजे तिची फोकल लेंग्थ. पाच सेंटिमीटर आलं तर ५० ची, साडेसात-आठ आलं तर ७५ किंवा ८० ची. ५० ची लेन्स पस्तीसच्या फिल्मला, ७५-८० ची सहा बाय सहाला, १०५ ची सहा बाय नऊला. ५० च्या लेन्सने सहा बाय सहा छापायला गेलात तर कोपऱ्यांपर्यंत उजेड पोचणार नाही, ते प्रिंटवर फिके पडतील. उलट चालतं, पण मग डोकं फार उंच न्यावं लागतं.

किती उंच, त्याचाही हिशेब आहे आणि यंत्र ओळखायला तो फार कामाला येतो. निगेटिव्हपासून कागदापर्यंतचं अंतर काढायचं तर दोन, अधिक जितके पट मोठं करायचं ते पट, अधिक एक भागिले तेच पट, या बेरजेला फोकल लेंग्थने गुणायचं. पस्तीसच्या निगेटिव्हवरून आठ बाय दहा इंच काढायला साधारण साडेआठ पट लागतात. ५० च्या लेन्सला ते अंतर ५३ सेंटिमीटर होतं, ७५ च्या लेन्सला जवळजवळ ८०. तुमच्या खांबावर डोकं सगळ्यात वर नेऊन मोजा. साठ-पासष्टच भरलं तर बनवणाऱ्याने ते ५० च्या लेन्ससाठीच बनवलं होतं, कंडेन्सर काही म्हणो.

लेन्सचे आटे बहुतेकदा ३९ मिलिमीटरचे, लायका कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सला असायचे तेच. ईएल-निक्कॉर ५० ला हेच आटे आहेत. काही जुन्या मिओप्टा लेन्सचे आटे मात्र साडेतेवीस मिलिमीटरचे असतात, त्यामुळे दुसरी लेन्स प्लेटमध्ये बसत नसेल तर तिला पान्याने पिळू नका. ३९ चं भोक आणि मागून आवळायचं कडं असलेली प्लेट लेथवाला करून देतो.

यंत्र हलवण्याआधी एक ताकीद. गोल खांबाच्या बऱ्याच यंत्रांत डोक्याचं वजन तोलायला आत ताणलेली स्प्रिंग असते. डोकं जागेवर आहे तोवर ती गरीब असते. साफसफाईसाठी तुम्ही डोकं सोडवलंत आणि खांबावरची खूंटी ढिली राहिली, की डोकं धरणारा रिकामा कंस बंदुकीच्या गोळीसारखा वर जातो. माझ्या हनुवटीवर दोन टाके आहेत, तेवढा पुरावा बास. डोकं काढायचं असेल तर कंस आधी सगळ्यात वर न्या, खूंटी घट्ट आवळा, मगच डिसमिस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, हातात घ्या.

फळीचं आणि खांबाच्या पायाचं नीट निरीक्षण करा. विश्वामित्री नदीला २०१९ आणि २०२४ साली आलेल्या पुरात गावातल्या किती तळमजल्यांत पाणी शिरलं ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं यंत्र माळ्यावर होतं म्हणता, पण माळ्यावर जाण्याआधी ते कुठे होतं? फळीची कड फुगून पापुद्रे सुटले असतील, किंवा खांबाच्या मुळाशी गंजाची आडवी रेघ असेल, तर ती फळी टाकून द्या. पंचवीस मिलिमीटरचा चांगला प्लायवूड सुताराकडून कापून घ्या. फुगलेल्या फळीवर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

विजेचं काम मी एका वाक्यात सांगतो आणि ते ऐकाच: होल्डरपासून प्लगपर्यंतची जुनी वायर पूर्ण काढून नवी तीन-पदरी घाला, डोक्याच्या धातूला अर्थिंग द्या. जुन्या वायरीवर पांढरं सुतासारखं वेष्टन दिसलं तर ते खरवडू नका, अॅस्बेस्टॉस असू शकतं. इलेक्ट्रिशियनला सांगून ओलं करून, मास्क लावून काढा. तुमचं यंत्र अमेरिकन निघालं तर ११० व्होल्टचं आहे का तेही बघा. आणि बाथरूममध्ये बसवणार म्हणून एक जास्तीची अट. शॉवर आणि नळाच्या शिंतोड्यांपासून लांब, कोरड्या बाजूला टेबल ठेवायचं, बोर्ड दाराबाहेर, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती तोडणारा ब्रेकर. काम संपलं की यंत्र बाहेर काढायचं. श्रावणात रात्रभर बाथरूममध्ये राहिलेल्या लेन्सला बुरशीचं आमंत्रणच असतं.

पारदर्शक बल्ब काढून टाका. कंडेन्सर त्यातल्या तारेची प्रतिमा थेट कागदावर पाडतो. दुधी बल्ब लागतो, आणि त्याच्या टोकावर वॅट नि कंपनीचा शिक्का नको. एका लग्नाच्या ऑर्डरमध्ये नवरीच्या कपाळावर मला पुसट ‘१००’ दिसला होता. कुंकवाच्या जरा वर, उलटा. एन्लार्जरसाठी खास बनवलेले ७५ आणि १५० वॅटचे दुधी बल्ब पूर्वी मिळत, आता शोधावे लागतात. दुधी गोळ्याचा एलईडी चालतो का, असं तुम्ही विचारलंय. चालतो, पण त्याच्या दोन खोडी आहेत. बटण बंद केल्यावर काही एलईडी क्षणभर मिणमिणत राहतात. अंधारात डोळे सरावल्यावर बघून घ्या. दुसरी खोड कागदाशी जोडलेली आहे. मल्टिग्रेड कागद निळ्या उजेडाला कडक आणि हिरव्याला मऊ प्रतिसाद देतो, म्हणून मॅजेंटा फिल्टरने काँट्रास्ट चढतो, पिवळ्याने उतरतो. पिवळसर एलईडीत निळा कमी असतो. त्यावर वरचे ग्रेड मिळायला दमछाक होते. घ्यायचाच असेल तर थंड पांढरा घ्या.

आता खरं काम. एन्लार्जरमध्ये तीन पातळ्या असतात: निगेटिव्ह, लेन्सची प्लेट आणि कागद. त्या एकमेकींना समांतर हव्यात. जमिनीला समांतर असल्या-नसल्याने काही बिघडत नाही, घरात फरशी तिरकी असतेच. गवंड्याची छोटी स्पिरिट लेव्हल फळीवर ठेवा, बुडबुडा कुठे थांबला ते पेन्सिलीने टिपा. मग तीच लेव्हल, त्याच दिशेने, निगेटिव्हच्या बैठकीवर ठेवा. बुडबुडा त्याच जागी थांबला पाहिजे. डावी-उजवी आणि पुढे-मागे, दोन्ही दिशांनी बघा.

लेन्सच्या प्लेटवर लेव्हल ठेवता येत नाही, तिथे आरसे कामाला येतात. काच-आरसेवाल्याकडून हाताच्या पंजाएवढे दोन सपाट आरसे आणा. एकाच्या पाठीमागचा मुलामा मधोमध खरवडून वाटाण्याएवढं भोक पाडा. अखंड आरसा फळीवर तोंड वर करून ठेवा. लेन्स काढून भोकाचा आरसा प्लेटला खालून, तोंड खाली करून, रबरबँडने घट्ट धरा. वरून डोक्याच्या बाजूने भोकातून डोकावा. आरशात आरसा, त्यात आरसा, असा बोगदा दिसतो. सगळी वर्तुळं एकाच्या आत एक, मध्यावर बसली तर प्लेट समांतर आहे. बोगदा एका बाजूला वळत गेला तर तिरकी आहे. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बोगदा केळ्यासारखा वाकलेला होता आणि मी त्या यंत्रावर सहा वर्षं प्रिंट काढत होतो.

दुरुस्ती सोपी, फक्त चिवट. डोकं ज्या बोल्टांनी कंसाला धरलंय तिथे एका बाजूला शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घाला, आवळा, परत बघा. अर्ध्या तासात होणारं हे काम नाही. रविवारची दुपार धरा.

सगळ्यात शेवटची साक्ष फिल्मचीच घ्यायची. उजेड लागून काळी झालेली फिल्मची पट्टी घ्या, मॅट बाजूवर सुईने चौकट ओरखडा, मध्ये फुली, चारी कोपऱ्यांत फुल्या. डोकं सगळ्यात वर नेऊन, डायफ्राम पूर्ण उघडून मधल्या फुलीवर फोकस करा, मग कोपरे बघा. ग्रेन फोकसर, म्हणजे फोकस तपासायचं भिंग, असेल तर उत्तम. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर दोष लेन्सचा किंवा वाकलेल्या फिल्मचा. एकाच बाजूचे मऊ असतील तर यंत्र तिरकं. कुठल्या बाजूला झुकलंय ते कळायला त्या बाजूच्या कागदाखाली एकेक पोस्टकार्ड सरकवत जा. फोकस सुधारत गेला तर तुम्हाला दिशाही कळली आणि किती पोस्टकार्डांचा तिरकेपणा आहे तेही कळलं. बिघडत गेला तर दुसऱ्या बाजूला सरकवा. याच प्रतिमेच्या डाव्या-उजव्या कडा पट्टीने मोजा. एक १९२ आणि दुसरी १९५ मिलिमीटर आली तर निगेटिव्ह आणि फळी समांतर नाहीत. पण तुमची ओरखड्यांची चौकटच वाकडी असू शकते. म्हणून फिल्मची पट्टी अर्धी फिरवून, तिचं डावं टोक उजवीकडे करून, परत मोजा. लांब कड फिल्मबरोबर बाजू बदलत असेल तर सुई चुकली. आहे तिथेच राहिली तर यंत्र चुकलं.

उजेड सारखा आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका, डोळा फसतो. निगेटिव्ह न ठेवता, लेन्स एफ ८ वर ठेवून कागदाला इतका उजेड द्या की डेव्हलप झाल्यावर मध्यम राखाडी येईल. पूर्ण कागद धुऊन, वाळवून उजेडात बघा. कोपरे फिके असतील, किंवा एक बाजू फिकी असेल, तर बल्ब वर-खाली, डावा-उजवा सरकवून परत एक कागद. माझे तीन-चार कागद जातात. तुमचे सहा जातील. ते वाचवायच्या भानगडीत पडू नका.

उजेडाची गळती बघायला लेन्सवर टोपी घाला, बल्ब लावा, खोली काळीकुट्ट करा आणि पाच मिनिटं नुसते बसा. भात्याच्या घडीतून ताऱ्यासारखे ठिपके दिसतील. काळ्या कापडी टेपने आतून बुजवा. झाकणाच्या फटीतून भिंतीवर उजेड पडत असेल तर एन्लार्जरमागची ती भिंत मॅट काळी करा. घरमालक तक्रार करेल, तर काळा खादीचा पडदा टांगा.

कॅरिअरसाठी नवा शोधत फिरण्यापेक्षा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, लेझर कटिंगवाल्याकडून दीड मिलिमीटर अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या कापून घ्या. चौकट २४ बाय ३६ ऐवजी अर्ध्या मिलिमीटरने मोठी ठेवा, कडा कानसीने घासून मॅट काळ्या रंगवा. चकचकीत कड राहिली तर परतलेल्या उजेडाने प्रिंटच्या काठावर काळी रेघ येते. काचेचा कॅरिअर सपाट धरतो खरा, पण बडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फिल्मची गुळगुळीत पाठ काचेला चिकटते आणि इंद्रधनुषी वर्तुळं, न्यूटनची वर्तुळं, छापली जातात. मग वरची काच खरखरीत, अँटी-न्यूटन लागते. पस्तीसला काचेविनाच कॅरिअर घ्या. एवढं लक्षात ठेवा की काचेविना निगेटिव्ह बल्बच्या उष्णतेने फुगतं, टुपकन उसळी घेतं आणि फोकस सुटतो. बल्ब लावून अर्धा मिनिट थांबा, निगेटिव्ह फुगून स्थिर झालं की फोकस करा आणि लगेच कागद घाला.

बडोद्यापुरत्या दोन गोष्टी. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, आणि साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने उतरतो. २३० चे २१० झाले तर उजेड पाव भागाहून जास्त कमी होतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). दुपारी जमलेली दहा सेकंदं रात्री कमी का पडतात, त्याचं बहुतेकदा हेच कारण. स्टॅबिलायझर लावा किंवा पहाटे काम करा. दुसरी गोष्ट नवरात्र. गरब्याचे स्पीकर जवळ असतील तर ढोलाच्या ठोक्याला खांब थरथरतो आणि दहा पटींवर तो थरथराट स्पष्ट दिसतो. त्या नऊ रात्री मी रसायनांच्या बाटल्या धुण्यात घालवतो. एरवीही डोकं हलवल्यावर दहा सेकंद थांबून मगच बटण दाबा.

पहिली प्रिंट आठ बाय दहाची नको, पाच बाय सातची करा. रेझिन लेपाचा मल्टिग्रेड कागद, ग्रेड दोन, डेव्हलपर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, २० अंश, एक मिनिट. उन्हाळ्यात नळाचं पाणीच तीसच्या वर असतं. ट्रेखाली थंड पाण्याची परात आणि तिच्यात बर्फाची बाटली. लेन्स एफ ८, आणि टेस्ट स्ट्रिपवर ४, ८, १६, ३२ सेकंदांचे पट्टे. पाच-पाच सेकंदांनी वाढवत नेलं तर शेवटचे पट्टे सारखेच दिसतात. सेफलाइट, म्हणजे कागदाला बाधू नये असा मंद दिवा, कागदापासून चार फूट लांब. तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी कागदाला हलकासा राखाडी येईल एवढा उजेड द्या, मग सेफलाइटखाली त्यावर रुपयाचं नाणं पाच मिनिटं ठेवा आणि कागद डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर सेफलाइट ‘सेफ’ नाही.

मकरपुऱ्याला पट्ट्या कापायला जाण्याआधी मला दोन आकडे कळवा: कंडेन्सरचा व्यास, आणि खिडकीसमोर मोजलेली दुसऱ्या लेन्सची फोकल लेंग्थ. कंडेन्सर ८० च्या वर आणि लेन्स ७५ ची निघाली तर कॅरिअरचे दोन जोड करायला सांगा, दुसऱ्याची चौकट ५६ बाय ५६ ची. आणि बिस्किटांचा तो डबा परत नीट चाळा. खालच्या कागदाखाली लेन्सच्या प्लेटचं कडं पडलेलं असतं, माझ्या दोन गिऱ्हाइकांना ते तिथेच सापडलं होतं.